अपठित उतारा

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत उतारा देऊन त्याखाली प्रश्न विचारण्याचा जो प्रघात आहे, त्यातील उताऱ्याला जयपूरची हिंदी ‘अपठित गद्यांश’ म्हणते. शब्द मोठा नेमका आहे. ज्याने वाचनाची परीक्षा द्यायची त्याने तो मजकूर आधी वाचलेला नसावा, ही त्या परीक्षेची पहिली अट. ती आज इतकी स्वाभाविक वाटते, की तिलाही काही जन्मकथा असेल अशी शंका कोणास येत नाही. वस्तुतः परभाषेतले वाचन समजले की नाही हे कसे ओळखावे, या प्रश्नाला आपल्या देशात निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली गेली, आणि त्यांतली बरीचशी या एका जयपूर शहराच्या आधाराने सांगता येतात.

सोडाला हा जयपूरच्या जुन्या तटाबाहेरचा, सिव्हिल लाइन्सच्या पलीकडे अजमेर रस्त्याला लागून वाढलेला भाग. बदलीच्या नोकरीने इकडे आलेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांची मुले बारावीत आहेत, त्यांच्या घरी संध्याकाळी एकच उद्योग चालतो: उतारा वाचायचा, घड्याळाकडे पाहायचे आणि चार पर्यायांतल्या एकावर खूण करायची. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी-प्रवेशासाठी 2022 साली ‘सीयूईटी’ ही सामाईक परीक्षा सुरू झाली. तिच्या भाषा-विभागात उताऱ्यांना मोठे स्थान आहे. 2025 पासून एका विषयाला साठ मिनिटांत पन्नास प्रश्न, सगळेच अनिवार्य. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकल्यास एक वजा. कायद्याच्या शिक्षणासाठी असलेली ‘क्लॅट’ तर 2020 पासून जवळजवळ सगळीच उताऱ्यांवर उभी आहे. गणित असो की सामान्य ज्ञान, आधी वाचा आणि मग उत्तर द्या.

अशा परीक्षेत मुलाचे इंग्रजी तपासले जाते असे आपण समजतो. आम्हांस असे वाटते, की त्याच्या तयारीत मुलाची मराठीही पणाला लागलेली असते, आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. हे म्हणणे विशद करण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सोडाल्यापासून दोन-अडीच कोसांवर सवाई जयसिंहाचे जंतरमंतर आहे. त्या राजाच्या पदरी पंडित जगन्नाथ सम्राट नावाचे ज्योतिषी होते. ते महाराष्ट्रीय ब्राह्मण होते, असे सामान्यतः मानले जाते. यूक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ हे दोन्ही ग्रीक ग्रंथ त्या काळी नासिरुद्दीन तूसीच्या अरबी संस्करणांतून हाती येत. राजाच्या इच्छेवरून पंडितांनी अरबी शिकून घेतली, असे परंपरा सांगते. पहिल्या ग्रंथाला त्यांनी ‘रेखागणित’ या नावाने संस्कृत रूप दिले आणि दुसऱ्याच्या आधारे 1732 साली ‘सम्राट्सिद्धान्त’ सिद्ध केला. ‘रेखागणित’ पुढे 1901-02 मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापले गेले. उत्तरेकडील शाळांतून भूमितीला कितीतरी वर्षे रेखागणितच म्हणत असत.

घरापासून शेकडो कोसांवर, परक्या दरबारात बसून, परक्या लिपीतला ग्रंथ उलगडणारा हा आपला मनुष्य आम्हांस फार जवळचा वाटतो. त्याची परीक्षा घेणारा कोणी परीक्षक नव्हता. पंधरा अध्यायांच्या त्या ग्रंथातली एखादी सिद्धता अर्धवट समजली असती, तर संस्कृत वाक्य पुरेच झाले नसते. अर्थ कळल्याचा पुरावा एकच, तो आपल्या विद्याभाषेत उभा राहतो की नाही.

इंग्रजीची कथा जयपुरात सुरू होते ती महाराजा रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत. 1844 साली महाराजा कॉलेज निघाले. वुडच्या 1854 च्या खलित्यानंतर 1857 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे स्थापन झाली, आणि जयपूरचे मुलगे कलकत्त्याच्या एन्ट्रन्स परीक्षेची तयारी करू लागले. शिकवायला बंगाली शिक्षक आले. त्यांतले कांतिचंद्र मुखर्जी पुढे संस्थानचे मुख्य मंत्री झाले. इंग्रजी उतारा अचूक वाचता येणे म्हणजे रेसिडेंटाचा खलिता अचूक वाचता येणे, आणि संस्थानी कारभारात त्याचे मोल काय होते हे सरकारी नोकरीतल्या वाचकांस वेगळे सांगायला नको.

कलकत्त्याच्या या एन्ट्रन्सच्या इतिहासात एक नियम आहे, त्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. आरंभीची काही वर्षे इतिहास, भूगोल आणि गणित या विषयांची उत्तरे विद्यार्थ्याला आपल्या देशी भाषेतून लिहिता येत असत. 1862 च्या सुमारास ही सवलत गेली. विशेष उल्लेख नसेल तेथे सर्व उत्तरे इंग्रजीतच लिहावीत असे ठरले. वरवर पाहता हा कारकुनी बदल. परंतु तोपर्यंत मुलगा इंग्रजी पुस्तकातला इतिहास वाचून बंगालीत किंवा हिंदीत मांडीत असे. म्हणजे वाचलेले त्याच्या मनातून एकदा जाऊन येत असे. आता पुस्तकातले वाक्य पुस्तकातल्याच शब्दांत कागदावर उतरविण्याची सोय झाली. समजल्याशिवाय उत्तीर्ण होण्याचा राजमार्ग तेथून खुला झाला, असे म्हणण्यास आम्हांस दिक्कत वाटत नाही.

मुंबईकडे याहून निराळे घडले नाही. तेथली पहिली मॅट्रिक 1859 सालची. तीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले, आणि 1862 साली पहिल्या बी.ए. परीक्षेत जे चौघे यशस्वी झाले त्यांतही हे दोघे होते. हे इंग्रजीतले मातब्बर वाचक. रानड्यांची दृष्टी तर अतिवाचनाने विद्यार्थिदशेतच अधू झाली. पण त्याच दशकात विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकण्यात आल्या आणि त्यांची जागा संस्कृतादी अभिजात भाषांनी घेतली. रानड्यांनी मराठीला परत आत घेण्यासाठी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. 1901 मध्ये ते गेले, त्या सुमारास कोठे एम.ए.ला मराठीचा शिरकाव झाला. ज्याचे इंग्रजी वाचन सर्वांत भक्कम, त्यानेच मराठीसाठी सर्वांत अधिक झगडावे, ही गोष्ट विसंगत नाही. वाचलेले ठेवायचे कोठे, हे त्यांना ठाऊक होते.

इकडे परीक्षेत नेमलेले इंग्रजी पुस्तक, त्यावरच्या नोट्स आणि ‘की’ यांचा बाजार फोफावला. मुलगे पुस्तकाऐवजी त्याची किल्लीच पाठ करीत. लॉर्ड कर्झनने नेमलेल्या 1902 च्या विद्यापीठ आयोगाने या स्थितीवर कडक अभिप्राय दिला. सगळ्या अभ्यासक्रमात इंग्रजीला एवढे स्थान असूनही मॅट्रिक झालेल्या मुलांना कॉलेजातली इंग्रजी व्याख्याने समजत नाहीत, असे त्याने नमूद केले. आणि प्रवेश-परीक्षेसाठी इंग्रजीचे ठराविक पाठ्यपुस्तक नेमूच नये अशी शिफारस केली. पाठ करण्याजोगे पुस्तकच नाही म्हटल्यावर उरतो तो न वाचलेला मजकूर. अपठित उताऱ्याच्या मागे घोकंपट्टीविषयीचा हा वैताग आहे.

त्याच वर्षी जयपूरच्या वाचकाचा एक नमुना छापून निघाला. महाराजा कॉलेजचे विद्यार्थी चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी कॅप्टन गॅरेट यांच्याबरोबर जयपूरच्या वेधशाळेवर आणि तिच्या निर्मात्यावर इंग्रजी ग्रंथ लिहिला. गुलेरी तेव्हा विशीच्याही आतले. इंग्रजी, संस्कृत आणि हिंदी यांतून सहज ये-जा करणाऱ्या या तरुणाने पुढे 1915 साली ‘उसने कहा था’ ही कथा लिहिली, आणि हिंदी कथेच्या इतिहासात तेवढ्यावर त्याचे नाव राहिले. इंग्रजी वाचनाने त्याची हिंदी आटली नाही.

पुढच्या काळात जयपूर कलकत्त्यापासून सुटले आणि अलाहाबाद, मग 1927 साली निघालेले आग्रा, आणि शेवटी 1947 मध्ये स्थापन झालेले आपले स्वतःचे विद्यापीठ, असा त्याचा प्रवास झाला. मध्यंतरी 1929 साली अजमेरला हायस्कूल व इंटरमीजिएट शिक्षणाचे मंडळ निघाले. त्याच्या कक्षेत राजपुतान्याबरोबर मध्यभारत आणि ग्वाल्हेरही होते. म्हणजे शिंद्यांच्या ग्वाल्हेरातला आणि होळकरांच्या इंदुरातला मराठी मुलगा जयपूरच्या मुलाच्याच प्रश्नपत्रिकेवर इंग्रजीची परीक्षा देत असे. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा त्या परीक्षेतून गेले असतील.

इंग्रजी वाचनाचा शास्त्रीय विचार मात्र या सर्व केंद्रांपासून दूर, डाक्क्याला झाला. तेथे शिक्षणखात्यात असलेल्या मायकेल वेस्ट यांनी 1926 साली बंगालमधील द्वैभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक आहे. शिवाय बहुतेक मुले शिक्षण अर्ध्यावर सोडतात, तेव्हा जे शिकवायचे ते अर्ध्यावर सोडले तरी हाती काही उरेल असे असावे. यासाठी त्यांनी विमाव्यवहारातली ‘सरेंडर व्हॅल्यू’ ही संज्ञा वापरली. बोलणे अर्धवट शिकले तर लवकरच विसरते, पण वाचनाची वाट एकदा सापडली की मनुष्य स्वतः पुढे जातो. थोडक्या शब्दांच्या, चढत्या पायरीच्या वाचनमाला त्यांनी तयार केल्या. सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी 1953 सालची. बंगालीचे स्थान वेस्ट यांनी कोठेच नाकारले नाही. त्यांचा सगळा विचारच दोन भाषा एका डोक्यात नांदतात या गृहीतावर उभा होता.

स्वातंत्र्यानंतर हाच विचार ‘ग्रंथालय-भाषा’ या नावाने परत आला. 1964-66 च्या शिक्षण आयोगाने इंग्रजीला उच्च शिक्षणातली वाचनाची भाषा मानले आणि शिक्षणाचे माध्यम प्रादेशिक भाषा असावे असे सांगितले. त्या आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी उदयपूरचे, आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे. राजस्थान आणि महाराष्ट्र यांनी मिळून मांडलेली ही कल्पना होती असे म्हणावयास हरकत नाही. वाचावे इंग्रजीत, विचार करावा आणि लिहावे आपल्या भाषेत. या कल्पनेचा पूर्वार्ध देशाने उचलला, उत्तरार्ध कागदावर राहिला.

आजच्या चार पर्यायांच्या परीक्षेला नावे ठेवण्याचा आमचा उद्देश नाही. दहा लाखांहून अधिक उमेदवार बसतात तेथे प्रत्येकाचे निबंध वाचणारा परीक्षक कोठून आणावा? शिवाय जुना परीक्षक लहरी असे, हस्ताक्षर पाहून गुण देई. यंत्र तसे करीत नाही. परंतु पर्याय समोर असले की वाचक अर्थ उभा करीत नाही, निवडतो. इंग्रजीत ‘नॉट अनलाइकली’ असे दोन नकारांचे वचन येते. मुलगा पर्याय पाहून त्यावर बरोबर खूण करतो. तेच वाक्य मराठीत सांग म्हटले, तर कधी ‘शक्य नाही’ म्हणतो आणि कधी गप्प बसतो. ‘अनलेस’, ‘हार्डली’, ‘लेस्ट’ यांचेही तसेच. जरी-तरी, जोवर-तोवर, न जाणो, ही आपल्या भाषेची सांधेजोड त्याच्या जिभेवर नसली, तर इंग्रजीतली सांधेजोड त्याला दिसत नाही. सोडाल्यातली आपली मुले उताऱ्याचा आशय हिंदीत सांगतात, आणि त्यातही कळीचे शब्द इंग्रजीच ठेवतात. समजुतीच्या दृष्टीने चांगली हिंदीही चालेल. ज्या प्रदेशात राहतो त्याच्या भाषेविषयी आमचा आकस नाही. अडचण अशी, की कळीचा शब्द तसाच ठेवला की कोडे तसेच राहते.

आपल्यापैकी ज्यांनी संघ लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठी घेऊन दिली, त्यांना तिच्यातली तीनशे गुणांची भारतीय भाषेची पत्रिका आठवत असेल. ती केवळ पात्रतेची, म्हणून तिची फारशी चर्चा होत नाही. पण तीत उतारा आहे, सारांश आहे आणि इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत भाषांतरही आहे. जगन्नाथपंडितांची कसोटी तेवढ्या एका कोपऱ्यात अजून शिल्लक आहे. ज्या पालकांनी ती पत्रिका दिली, त्यांचीच मुले आज भाषांतराचे एक वाक्यही न लिहिता इंग्रजीचे शेकडो उतारे सोडवीत आहेत. दिवसाकाठी दहा उताऱ्यांपैकी एक पर्याय झाकून सोडवावा आणि त्याचा आशय तीन मराठी वाक्यांत वहीत लिहावा, एवढा बदल या सरावात करता येण्याजोगा आहे. त्याला दहा मिनिटे लागतात, आणि कोठे अडले ते वहीच सांगते.

सीयूईटीतल्या तेरा भाषांत मराठीही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रजीप्रमाणेच तिच्यातही अपठित उतारा असतो. आपल्या मुलांपैकी किती जणांना तो वेळेत पुरा करता येईल, हे एखादे मराठी मासिक पुढे ठेवून, घड्याळ लावून, घरीच पाहता येते.