काळेनिळे डाग आणि न विचारलेला प्रश्न

माझ्या आईच्या अंगावर काळेनिळे डाग उठू लागले ते 1978 च्या रोवणीनंतर. आमचं गाव लाखनीजवळ, धानाच्या पट्ट्यातलं. चिखलात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईच्या पायावर वळ असणं नवं नव्हतं, म्हणून पहिला महिना कुणी लक्ष दिलं नाही. मग दंडावर डाग आले, मांड्यांवर आले. कुठे आपटल्याचं तिला आठवत नसे. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. ती म्हणे, “कारे डाग आहेत, बाकी काही नाही.” या ‘बाकी काही नाही’मध्ये किती काय दडलं होतं, हे मला पुढे इतिहासाचा अभ्यास करताना कळलं.

हा लेख आईच्या आजाराचा नाही. अंगावर कारण नसताना डाग उठले, तर माणूस ते डॉक्टरांना का सांगत नाही, आणि सांगायला गेला तर त्याचं तोंड का बंद होतं, या प्रश्नाचा शोध आहे. त्याची मुळं एका शब्दात, एका कायद्यात आणि दवाखान्याच्या रचनेत सापडतात.

एका शब्दाची दहशत

आयुर्वेदात ‘रक्तपित्त’ हा स्वतंत्र रोग आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात त्यावर वेगवेगळे अध्याय आहेत. नाक, तोंड, गुद, मूत्रमार्ग, एवढंच नव्हे तर त्वचेच्या रोमरंध्रांतूनही रक्त जाणं, असं त्याचं वर्णन येतं. म्हणजे हा मुळात रक्तस्रावाचा आजार. मराठी बोलीत मात्र त्याच कुळातला ‘रक्तपिती’ हा शब्द महारोगासाठी, कुष्ठरोगासाठी रूढ झाला. संस्कृत ग्रंथात जो शब्द रक्त वाहण्याचा, तो गावच्या तोंडी माणसाला गावाबाहेर काढण्याचा झाला.

हा फरक वैद्यांना ठाऊक होता, आमच्या आळीतल्या बायांना नव्हता. कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, तिथली संवेदना कमी होते आणि तो महिनोन्‌महिने जागा सोडत नाही. मुका मार लागल्यासारखा डाग निळा-जांभळा उठतो, मग हिरवट, पिवळा होत दोनेक आठवड्यांत विरतो. पण भीती रंग पाहत नाही. अंगावर डाग म्हटला की मनात पहिला शब्द येई रक्तपिती.

पूर्व विदर्भात या भीतीला आधारही होता. हा कुष्ठरोगाचा जुना पट्टा. मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला 1936 मध्ये कुष्ठसेवेचं काम सुरू केलं, बाबा आमट्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती 1949 मध्ये स्थापन केली आणि 1951 मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री या प्रतिष्ठानाने रुजवली. पुढे शासनाचे कर्मचारीही गावोगाव येत. शाळेत आम्हाला सदरे काढून उभं करत आणि पाठी तपासत. काम मोलाचं होतं, पण त्या दिवशी कुणाच्या पाठीवर चट्टा निघाला याची कुजबुज संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात पोहोचे. आईने ते पाहिलं होतं.

कायद्याने दिलेली भीती

आईची भीती म्हणजे अडाणीपणा, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. मग 1955 चा हिंदू विवाह कायदा वाचला. जोडीदाराला तीव्र आणि असाध्य कुष्ठरोग असणं हे त्यात घटस्फोटाचं कारण होतं. ते कारण संसदेने 2019 मध्ये काढून टाकलं. रुग्णांना वेगळं डांबण्याची तरतूद असलेला 1898 चा इंग्रजी अमदानीतला कायदा रद्द व्हायलाही 2016 साल उजाडलं. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, हे त्याआधी तीन दशकं सिद्ध झालेलं होतं. औषध गावात पोहोचलं, कायदा मात्र जागचा हलला नव्हता.

म्हणजे 1978 मध्ये अंगावरचे डाग लपवणारी बाई वेडगळ नव्हती. डाग दाखवले तर नांदणं मोडू शकतं, हे तिला कायद्याचं कलम माहीत नसतानाही नेमकं कळलं होतं. दुसरी भीती याच्या उलट बाजूची. बाईच्या दंडावर वळ दिसले की बघणारा नवऱ्याकडे बघतो. एका डागाने संसारावर दोन्हीकडून संशय येई.

दवाखान्याची उतरंड

अशा बाईला ज्याच्यापुढे उभं राहायचं, तो डॉक्टर कुठून आला, हेही पाहायला हवं. भंडारा जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रांत आणि मग मध्य प्रदेशात होता. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून परवानाधारक डॉक्टर बाहेर पडत. त्यांतले अनेक लहान गावांत बसत आणि लोकांची बोली बोलत. 1943 मध्ये नेमलेल्या भोर समितीने 1946 च्या अहवालात हा कमी मुदतीचा अभ्यासक्रम बंद करून सगळीकडे पदवीधर डॉक्टर घडवावेत अशी शिफारस केली. नागपूरला 1947 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आलं. हेतू योग्य होता, वैद्यकीचा दर्जा वाढला. पण पदवीधर शहरात राहिला आणि गावचा माणूस त्याच्याकडे बस पकडून जाऊ लागला. दोघांमधलं अंतर आता मैलांचंही झालं आणि भाषेचंही.

हा बदल केवळ आपल्याकडचा नव्हता. निकोलस ज्यूसन या समाजशास्त्रज्ञाने 1976 मध्ये दाखवून दिलं की युरोपात इस्पितळं आणि प्रयोगशाळा मोठ्या होत गेल्या, तसतसा वैद्यकीच्या विचारातून आजारी माणूसच दिसेनासा झाला. आधी वैद्य रुग्णाच्या सांगण्यावर विसंबून असे. नंतर तो अवयवाकडे पाहू लागला आणि पुढे पेशींकडे. आपल्याकडे वैद्यपरीक्षेची तीन अंगं सांगितली आहेत: पाहणं, स्पर्श करणं आणि विचारणं. घाईच्या दवाखान्यात यांतलं तिसरं अंग आधी गळतं.

डागाचं शास्त्र कुणामुळे पुढे गेलं?

या डागांचा वैद्यकीय इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी भेटली. हनोव्हरच्या पॉल वेर्लहोफने 1735 मध्ये एका मुलीच्या अंगावरच्या अशा रक्तडागांचं आणि रक्तस्रावाचं वर्णन केलं. रोगाला त्याचं नाव मिळालं, कारण मात्र दीडशे वर्षं कळलं नाही. इटलीत तुरिनच्या जुलिओ बिझोझेरोने 1882 मध्ये रक्तातल्या बारीक चकत्या ओळखल्या आणि रक्त थांबवण्यात त्यांचा हात असल्याचं दाखवलं. यांनाच आपण आज प्लेटलेट म्हणतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्या फार कमी झाल्या की न आपटताही डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येतं, पाळीत अंगावरून फार जातं.

1916 मध्ये प्रागला पॉल काझनेल्सन हा वैद्यकीचा विद्यार्थी होता. प्लीहा या चकत्या नष्ट करत असावी, असं त्याला वाटलं. त्याने ते आपल्या प्राध्यापकांना सांगितलं आणि वर्षानुवर्षं असे डाग असलेल्या एका बाईची प्लीहा काढायला त्यांना राजी केलं. बाईच्या प्लेटलेट झपाट्याने वाढल्या. युरोपातल्या त्या काळच्या प्राध्यापकापुढे विद्यार्थ्याने तोंड उघडणं ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे अमेरिकेत विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरला वाटलं की दोष रुग्णाच्या रक्तातच फिरत असावा. विद्यार्थी असताना याच रोगाने एक मुलगी दगावलेली त्याने पाहिली होती. 1950 मध्ये सेंट लुईसच्या इस्पितळात त्याने रुग्णाचं रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या, अंगभर डाग उठले, झटकाही आला. तो वाचला आणि 1951 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या प्लेटलेट मारते, हे समजण्याची वाट तिथून खुली झाली. त्याच सुमारास स्टेरॉइडची औषधं या आजारात वापरात आली.

दोन्ही वेळा पाऊल पुढे पडलं ते उतरंडीत खाली असलेल्याने विचारलं म्हणून, आणि वरच्याने ऐकून घेतलं म्हणून.

नागपूरच्या दोन फेऱ्या

दिवाळीनंतर वडील आईला एसटीने नागपूरला एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी तेव्हा तेरा वर्षांची, सोबत होते. खोलीत आणखी तीन-चार रुग्ण उभे होते. डॉक्टरांनी दंड पाहिला आणि मान वर न करता मोठ्याने विचारलं, “नवरा मारतो का?” प्रश्न चुकीचा नव्हता. तो विचारायलाच हवा, पण एकटीला आणि हळू आवाजात. वडिलांची मान खाली गेली. आई म्हणाली, “नाही जी. काम करताना लागलं असल.” ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. मांड्यांवरचे डाग तिने दाखवले नाहीत. दर महिन्याला दहा-दहा दिवस अंगावरून जात होतं, तेही सांगितलं नाही. चार पुरुषांत ती ते सांगणार तरी कसं?

त्यानंतर मी वहीच्या पानावर तारखा मांडू लागले. कोणता डाग कुठे उठला, कधी गेला, हिरड्यांतून रक्त कधी आलं. पाळीचे दिवस आईने स्वतः सांगितले आणि कागद घडी करून पोलक्यात ठेवला. संक्रांतीनंतर पुन्हा गेलो. आत जाण्याआधी तिथल्या नर्सबाईंनी तिला बाजूला घेऊन साध्या शब्दांत विचारलं, “बाई, पाळीत किती दिवस जातं?” आईने कागद काढून दिला. नर्सबाईंनी तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी कागद पूर्ण वाचला. रक्त तपासायला पाठवलं. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या प्लेटलेट वीस हजारांच्या आत निघाल्या. मग त्याच डॉक्टरांनी नीट उपचार केले आणि काही महिन्यांत आई सावरली. पुढे ती तीस वर्षं जगली. त्या गृहस्थांना विद्या कमी नव्हती. त्यांच्याकडे माहिती पोहोचत नव्हती, आणि ती न पोहोचण्यात त्यांच्या आवाजाचा वाटा होता. मधले अडीच महिने मात्र मला आजही भेडसावतात. इतक्या कमी प्लेटलेट असताना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे मला फार उशिरा कळलं.

हक्क आणि हिंमत

आज कायदा रुग्णाच्या बाजूला सरकला आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यास त्याचे कागद 72 तासांत द्यावे लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. माहिती मिळणं, तपासणीत खासगीपणा असणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येणं, बाईला तपासताना दुसरी बाई हजर असणं हे सगळं त्यात आहे.

पण सनद भिंतीवर असते आणि भीती पोटात. म्हणून इतिहासातून हाती लागलेलं थोडं सांगते. डाग न आपटता उठत असतील, नाकातून, हिरड्यांतून किंवा पाळीत जास्त रक्त जात असेल, त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसत असतील आणि ते बोटाने दाबूनही फिके पडत नसतील, ताप किंवा वजनात घट असेल, तर थांबू नये. साधी रक्तगणना लवकर करून घ्यावी. कारण पुष्कळदा साधं निघतं: अंगदुखीच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डेंग्यू, मलेरिया, यकृताचा त्रास. क्वचित रक्ताचा कर्करोगही असतो. ते डॉक्टरच ठरवतील, पण त्यांना ठरवण्यासाठी पूर्ण हकिकत मिळायला हवी. कोणत्या गोळ्या चालू आहेत हेही त्यात लिहावं, किराणा दुकानातून आणलेल्या गोळ्यांसकट. तोंडाने बोलवत नसेल तर कागद पुढे करावा. सोबत माणूस न्यावा, पण काही गोष्टी एकटीला सांगायच्या असतील तर त्या माणसाला बाहेर थांबायला सांगावं.

आईचं ते वहीचं पान माझ्याकडे अजून आहे. कडा झिजल्या आहेत, पेन्सिल पुसट झाली आहे. पुराभिलेखागारात मी पुढे पुष्कळ जुने कागद हाताळले. त्यांत राजांचे हुकूम होते, साहेबांचे अहवाल होते. आजारी बाईने स्वतःच्या शरीराविषयी सांगितलेलं मात्र क्वचितच कुठे सापडलं. पानावरची शेवटची ओळ आईने माझ्याकडून मुद्दाम लिहवून घेतली होती, डॉक्टरांनी वाचावी म्हणून: “मले कोनी मारत नाही. मले का झालं ते सांगा.”