दोन काड्यांचे वाद्य

परवा नातवाने मोबाईलवर एक जुने ध्वनिमुद्रण लावले आणि म्हणाला, "आजोबा, वाद्य ओळखा." मी लगेच "संतूर" म्हणून मोकळा झालो. सोबत पियानो वाजत होता. उत्तर चुकले. ते हंगेरीचे सिंबालम निघाले. वाजवणारा अलादार राट्स आणि पियानोवर त्याची पत्नी इव्होन.

उत्तर चुकले तरी फार चुकले नव्हते. सिंबालम आणि संतूर एकाच कुळातली वाद्ये. लाकडी पेटीवर तारा ताणायच्या आणि दोन हातांतल्या दोन काड्यांनी त्यांवर आघात करायचा. पियानोही खरे तर त्याच घरातला. पट्टी बोटाने दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते. म्हणजे पियानोत काड्या यंत्राच्या पोटात गेल्या आणि सिंबालममध्ये त्या माणसाच्या हातात राहिल्या. त्यामुळे ही जुगलबंदी परक्यांची नव्हे, भाऊबंदांची आहे.

पण या भावांचे नशीब वेगवेगळे. पियानो श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेला. सिंबालम गावोगावच्या लग्नांत आणि खानावळींत राहिले, आणि ते वाजवणारे बहुतेक रोमा जमातीचे, ज्यांना युरोपात 'जिप्सी' म्हणून हिणवत. हे रोमा मूळचे आपल्याकडचे, सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेले. त्यांच्या भाषेत दोनला दुइ, पाचला पंज, कानाला कान आणि पाण्याला पानी म्हणतात. शाळेत शिकवत असताना मला हे ठाऊक असते तर भूगोलाचा एक तास तरी रंगला असता! वाद्यही त्यांनी इथूनच नेले, असे म्हणायचा मोह होतो. पण तसा पुरावा नाही. या जातीची वाद्ये युरोपात इतर वाटांनीही पोचली होती.

१८७४ च्या सुमारास बुडापेस्टच्या योजेफ शुंडा या वाद्यकाराने सिंबालमला पाय दिले, पट्टा मोठा केला आणि तारांची आस थांबवण्यासाठी पायाने दाबायचे पेडल बसवले. त्याच शतकाच्या अखेरीस बुडापेस्टच्या संगीत अकादमीत सिंबालमचे शिक्षण सुरू झाले. पुढे १९२६ साली कोदाय या संगीतकाराने आपल्या 'हारी यानोश' मध्ये त्याला मोठ्या वाद्यवृंदात मानाची जागा दिली. खानावळीतले वाद्य राष्ट्राचे वाद्य झाले.

आपल्याकडे संतूरचेही असेच झाले. काश्मीरच्या सूफियाना संगीतातले हे वाद्य. त्यावर मींड निघत नाही, तेव्हा रागसंगीत कसे वाजणार, असा जाणकारांचा आक्षेप होता. पं. शिवकुमार शर्मांनी तारांची मांडणी बदलली, वाद्य मांडीवर घेतले आणि १९५५ साली मुंबईत ते लोकांसमोर वाजवले. त्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' मध्येही त्यांचे संतूर वाजले. संगीत आपल्या वसंत देसाईंचे. पुढे उल्हास बापट या मराठी वादकाने संतुरावर मींड काढण्याची स्वतःची पद्धत बसवली. ज्या मुद्द्यावर वाद्य नाकारले जात होते तोच त्यांनी हाती घेतला.

असो. थोडे विषयांतर झाले. मला सांगायचे आहे ते राट्सविषयी.

राट्स १८८६ साली हंगेरीत एका रोमा कुटुंबात जन्मला. वाजवायला शिकला तो कानाने. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो जिनिव्हात एका ठिकाणी लोकांची करमणूक करत असे. १९१५ साली तिथे स्त्राविन्स्की या जगप्रसिद्ध रशियन संगीतकाराने त्याला ऐकले. ऐकून वाहवा केली आणि घरी गेला, असे झाले नाही. त्याने स्वतःसाठी सिंबालम मिळवले, ते शिकला आणि आपल्या रचनांत वापरले. इव्होन स्विस, रीतसर शिकलेली पियानोवादक. तिने राट्सची साथ केली. बाख आणि स्कार्लाटी यांच्या रचना राट्सने सिंबालमवर बसवल्या आणि १९३८ पासून तो बुडापेस्टच्या अकादमीत प्राध्यापक होता. १९५८ साली तो वारला.

त्या ध्वनिमुद्रणात पियानो कुठेही पुढे पुढे करत नाही. मला संगीतातले फारसे कळत नाही, पण शेजारी बसणे म्हणजे काय ते कळते. ज्याचे मोठेपण आधीच सिद्ध झाले आहे त्याने दुसऱ्यासाठी मागे सरून साथ करायची.

इथे मला माझा एक विद्यार्थी आठवतो.

आमचा जिल्हा तुळजाभवानीचा. इथे लग्न झाले की अनेक घरी गोंधळ घालतात. चौक मांडतात, दिवटी पेटते, गळ्यात कवड्यांची माळ घातलेले गोंधळी संबळ आणि तुणतुणे घेऊन उभे राहतात. तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे ते रेणुकराई. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली दोन जोडवाद्ये, तीही दोन काड्यांनीच वाजतात. सरकारदरबारी गोंधळ्यांची नोंद भटक्या जमातींत आहे.

माझ्या वर्गात गोंधळ्याचा एक मुलगा होता. पोरगा हुशार, पण बाकावर सतत दोन पेन्सिली वाजवत असे. एकदा मी त्या पेन्सिली काढून घेतल्या आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "शिक, नाहीतर आयुष्यभर संबळ बडवत बसशील." वर्ग हसला. मला वाटले, मी त्याच्या भल्याचे बोललो. त्या वर्षी दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. माझ्या त्या वाक्यामुळेच आला नाही, असे मी म्हणत नाही. घरची गरिबी होती, हंगामात बापाबरोबर गावोगाव जावे लागे. पण ते वाक्य माझेच होते.

आता वाटते, त्या पोराला शाळा आणि संबळ यांतून एक निवडायला मी का लावले? शिक्षण हवेच होते, त्यात शंका नाही. संबळावर पोट भरणे किती कठीण, हे त्याच्या बापाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. पण परभणीच्या राजारामभाऊ कदमांना महाराष्ट्र 'गोंधळमहर्षी' म्हणत होता आणि मी गुरुजी असून संबळ ही शिक्षा म्हणून सांगत होतो. आणखी एक खटकते. हंगेरीत वाद्याला मान मिळाला, म्हणून वाजवणाऱ्या जमातीची हेटाळणी थांबली असे नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी लाखो रोमांना मारले. आपणही गोंधळ 'लोककला' म्हणून रंगमंचावर आणतो, टाळ्या वाजवतो आणि वाजवणाऱ्याच्या मुलाला वर्गात शेवटच्या बाकावर बसवतो.

मागे एका नातलगाच्या लग्नात गोंधळ होता. तो संपल्यावर मी संबळ वाजवणाऱ्या तरुणाजवळ गेलो आणि काड्या मागितल्या. त्याने जरा संकोचून दिल्या. एक सरळ, दुसरीचे टोक वाकवलेले. मी दोन-चारदा मारून पाहिल्या. नुसता ठक्क असा आवाज आला. "असं नाही गुरुजी, मनगट सैल सोडा," तो म्हणाला. मी सोडून पाहिले. तरी जमले नाही.

"हळूहळू येईल," तो म्हणाला. एवढा धीर त्या दिवशी वर्गात मी दाखवला नव्हता.