न मेलेल्या उंदराचं रक्त

आपल्या पणजोबांच्या पिढीची प्लेगची चाचणी अगदी साधी होती. घरात उंदीर पडू लागले की चाचणी पॉझिटिव्ह. मग माणसं घराला कुलूप लावून शिवारात झोपड्या टाकायची.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, रँडचा खून झाला. हा भाग आपल्याला शाळेत भेटतो. मला त्याच्या पुढचा भाग जास्त ओढतो. १८९८मध्ये पॉल-लुई सिमोंड यांनी कराचीत दाखवलं की उंदराचा प्लेग पिसवा पसरवतात. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. १९०५नंतर मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. पिसवा पोचू शकल्या ते आजारी पडले, पोचू शकल्या नाहीत ते वाचले. वाद मिटला.

पण मेलेला उंदीर ही उशिराची सूचना असते. घरातला काळा उंदीर प्लेगने पटापट मरतो, आणि त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा नवं शरीर शोधू लागतात. म्हणजे उंदीर दिसला तेव्हा पिसू निघालेली असते. मग दोन साथींच्या मधल्या वर्षांत जंतू राहतो कुठे? रानात. शेतात बिळं करून राहणाऱ्या टाटेरा इंडिकासारख्या उंदरांतले बरेच जण प्लेग पचवून जगतात, आणि त्यांच्या रक्तात अँटिबॉडी उरतात.

चाचणी त्याच शोधते. पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराचं थोडं रक्त घेतात. प्रयोगशाळा लांब असेल तर ते गाळणकागदाच्या पट्टीवर वाळवून पाठवता येतं. प्लेगच्या जंतूभोवती एफ-१ नावाच्या प्रथिनाचं आवरण असतं. मेंढीच्या तांबड्या पेशींवर हे प्रथिन चढवतात आणि त्यात उंदराचा सीरम मिसळतात. अँटिबॉडी असतील तर पेशी एकमेकींना धरून वाटीच्या तळाशी चटईसारख्या पसरतात. नसतील तर घरंगळून मधोमध बटणासारखा ठिपका होतो. निकाल नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. यातली खुबी अशी, की एफ-१ मुख्यतः सस्तन प्राण्याच्या शरीराच्या उष्णतेत, ३७ अंशांच्या आसपास तयार होतं. त्यामुळे त्याची अँटिबॉडी सापडली, तर जंतू त्या प्राण्याच्या अंगात वाढून गेला असं म्हणता येतं. कुत्र्यांचं रक्तही तपासतात. उंदीर खाणारा एक कुत्रा म्हणजे अनेक उंदरांची एकत्र बातमी.

आपल्या पिढीला हे नवं नाही. २०२०च्या जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या सीरो सर्वेक्षणात झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत कोविडच्या अँटिबॉडी सापडल्या होत्या. रुग्णांची मोजणी जे सांगत नव्हती ते रक्ताने सांगितलं.

या चाचणीला मर्यादाही आहे. पॉझिटिव्ह उंदीर सांगतो की प्लेग इथून गेला; आज तो इथे आहे का, हे सांगत नाही. आणि पन्नास निगेटिव्ह उंदरांवरून एकावन्नाव्याची हमी देता येत नाही. म्हणून एकदा तपासून भागत नाही. त्याच शिवारात वर्षानुवर्षं पिंजरे लावावे लागतात.

न लावल्यास काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९६६नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची खात्रीची नोंद नव्हती. १९९४च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामल्यात उंदीर पडू लागले, पिसवा वाढल्या, मग माणसांना गाठी आल्या. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपानंतर पडक्या घरांतल्या धान्यावर उंदीर वाढले असावेत, असा अंदाज अनेकांनी मांडला. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला. लाखो माणसं शहर सोडून पळाली, देशात ५०हून अधिक मृत्यू नोंदले गेले, परदेशी विमानं थांबली. हा प्लेगच आहे का, यावर डॉक्टरांमध्येच वाद झाला, शेवटी डॉ. रामलिंगस्वामी समितीने तो प्लेगच असल्याचं सांगितलं. माझा जन्म तेव्हा झाला नव्हता. आमच्या घरात उरलीय ती नाकाला बांधलेल्या रुमालांची आणि दुकानांतून गायब झालेल्या टेट्रासायक्लिनची आठवण.

मी सर्व्हरवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात खर्चकपातीची कात्री आधी अशा देखरेखीवर येते, कारण ती नीट चालली तर काहीच घडत नाही आणि 'काहीच घडलं नाही' हे बॉसला दाखवता येत नाही. उंदीर पकडणाऱ्या पथकांचीही हीच अडचण. २००२मध्ये हिमाचलात आणि २००४मध्ये उत्तरकाशीजवळच्या एका गावात प्लेग पुन्हा आला. दोन्ही वेळा तो मोजक्या माणसांत थांबला. कुठलं शहर रिकामं झालं नाही. ती दोन नावं आपल्याला आठवत नाहीत, सुरत आठवते. पुढच्या अंदाजपत्रकात पिंजऱ्यांना पैसे द्यायचे की नाही हे ठरवताना मात्र न आठवणारी नावंच समोर ठेवायला हवीत.