तिरडीला चार खांदे लागतात

न्यूयॉर्कला पाहुणे आले की तुम्ही त्यांना सेंट्रल पार्कला नेताच. पुढच्या वेळी पार्कच्या पश्चिमेला, ६४व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची दगडी इमारत दाखवा. तिथे रविवारी माणसे जमतात, व्याख्यान आणि संगीत होते. लग्ने लागतात, बाळांची नावे ठेवली जातात, गेलेल्यांना निरोप दिला जातो. पूजा मात्र कुणाचीच होत नाही. ही ‘एथिकल कल्चर’ची, म्हणजे नीतिधर्माची मंडळी.

संस्थापक फेलिक्स ॲडलर (१८५१–१९३३) रब्बीचा मुलगा. वडिलांची गादी त्याने चालवावी, ही अपेक्षा. जर्मनीत शिकून परतल्यावर १८७३ साली त्याने वडिलांच्या सिनेगॉगमध्ये प्रवचन दिले आणि त्यात देवाचा उल्लेखच केला नाही. गादीचा प्रश्न तिथेच मिटला.

१५ मे १८७६ रोजी त्याने नव्या संस्थेची कल्पना मांडली. देव आहे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. एकत्र यायचे ते कृतीसाठी. पुढच्या चार वर्षांत गरिबांच्या घरी जाणाऱ्या परिचारिका, मोफत बालवाडी आणि कामगारांच्या मुलांसाठी शाळा उभी राहिली. १९०४ साली बालमजुरीविरुद्ध राष्ट्रीय समिती निघाली, तिचा अध्यक्ष ॲडलरच होता.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. त्यांनी भटजी वगळला, निर्मिक ठेवला आणि लग्नाचा स्वतंत्र विधीही दिला. पुढे आगरकरांनी देवालाच प्रश्न केला, पण त्यांच्यामागे अशी मंडळी नव्हती. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. विचार एकट्याने करता येतो. तिरडीला चार खांदे लागतात.

देवाविना धर्म असू शकतो का, हा प्रश्न अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला. वॉशिंग्टनच्या एथिकल सोसायटीला चर्चसारखी करमाफी नाकारली गेली, कारण तिथे परमेश्वराची उपासना नव्हती. १९५७ साली अपील कोर्टाने ती मंजूर केली. रविवारच्या सभा, नामकरण, लग्न, अंत्यविधी हे सारे तिथे होत होते, हे कोर्टाने पाहिले. १९६१ साली टोरकासो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की सरकारी पदासाठी देव मानण्याची अट घालता येणार नाही. त्या निकालाच्या तळटीपेत ईश्वर न मानणाऱ्या धर्मांमध्ये बौद्ध धर्माच्या यादीत एथिकल कल्चरचेही नाव आहे. १९५६ची नागपूरची दीक्षा ठाऊक असलेल्या आपल्याला याचे नवल वाटू नये.

तुमच्या मंडळातही आरतीला मागे उभी राहणारी दोन-चार माणसे असतील. सतरंज्या उचलायला तीच पुढे असतात. उद्या त्यांच्या घरी कुणी गेले आणि भटजी नको असला, तर तिथे उभे राहून चार शब्द कोण बोलणार? ॲडलरने हे आधीच ठरवून ठेवले होते. तुम्हीही मंडळाच्या पुढच्या बैठकीत विचारून पाहा.