मीठ, गलगंड आणि माझा थायरॉइड

कामरगावात वडिलांचं किराणा दुकान होतं. साखर-डाळ रात्री आत जाई, मिठाचं पोतं ओट्यावरच राही. मीठ कोणी चोरत नसे. बाया खडे मीठ नेत, धुऊन वाळवत, पाट्यावर वाटत. समुद्राचं असलं तरी त्यात आयोडीन नावालाच.

वडील मिठाची गोष्ट दहिहांड्यापासून सुरू करत. वऱ्हाडाला समुद्र नाही, म्हणून १९३० साली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या त्या गावी विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं मीठ करून कायदा मोडला गेला. एवढ्या मोलानं मिळवलेलं साधं, आयोडीन न घातलेलं मीठ विकायलाच सरकारनं बंदी केली, तेव्हा वडील हळहळले. ती बंदी १९९८ला आली, २००० साली उठली, २००६ साली पुन्हा लागली.

मला ती पटते. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनचं मीठ दिलं, एका भागात साधं. आयोडीन मिळालं तिथं गलगंड ओसरले. १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गलगंड निदान डोळ्यांना दिसतो. आयोडीन कमी पडून पोटातल्या बाळाच्या मेंदूची खुंटलेली वाढ दिसत नाही, मला धास्ती तिचीच.

आता गावात उलटी हवा आहे. मला हाशिमोटोचा थायरॉइड निघाला. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली वर्णन केलेला हा आजार. यात शरीर आपल्याच ग्रंथीवर उलटतं. "ताई, हे पाकिटातल्या मिठानंच झालं," म्हणत जाऊबाईनं घरात सैंधव आणलं.

तिची शंका अगदीच निराधार नाही. चीनमधल्या तीन भागांच्या पाच वर्षांच्या पाहणीत, २००६ साली छापलेल्या, आयोडीन जास्त तिथं ग्रंथीचा असा दाह जास्त आढळला. डेन्मार्कमध्येही मिठात आयोडीन आल्यावर लोकांच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं वाढली. ग्रंथीतल्या प्रथिनावर आयोडीन जादा बसलं, की मुळात तशी प्रवृत्ती असलेल्या शरीराला ते परकं वाटू लागतं. पण प्रमाण पाहा: दुकानातल्या मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं. म्हणजे दहा ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम, मोठ्या माणसाची दिवसाची गरज तेवढीच. शिजवताना त्यातलंही काही उडून जातं.

जाऊबाईची सून गरोदर आहे. तिला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम लागतात. मी पाकीट नेऊन दिलं नि म्हटलं, "सैंधव उपासाला ठेव. भाजीत हेच घाल."