विमानातील दूषित हवा व श्वसनविकार : ऑस्ट्रेलियातील एक निवाडा

बहुतेक जेट विमानांच्या प्रवासी कक्षात येणारी हवा इंजिनाच्या संपीडकातूनच घेतलेली असते. तेथील तेलरोधक निकामी झाला की तापलेल्या वंगणतेलाची वाफ त्या हवेत मिसळते. बीएई १४६ या विमानाविषयी अशा तक्रारी ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात वाढल्या आणि ऑक्टोबर २००० मध्ये सिनेटच्या समितीने त्यांवर अहवाल सादर केला. निर्णायक ठरला तो मात्र एका हवाई सेविकेचा दावा. मार्च १९९२ मध्ये सिडनीहून ब्रिस्बेनला जाणाऱ्या विमानात तिच्या श्वासावाटे धूर आत गेला. तेव्हापासूनचा खोकला हटलाच नाही. न्यू साउथ वेल्सच्या धूलिरोग न्यायाधिकरणाने २००९ मध्ये कंपनीचा निष्काळजीपणा ग्राह्य धरून तिला भरपाई दिली. हे न्यायाधिकरण १९८९ मध्ये प्रामुख्याने अ‍ॅस्बेस्टॉसपीडितांसाठी स्थापन झाले होते, ही बाब लक्षणीय आहे. मज्जासंस्थेवरील परिणामांचा वाद आजही मिटलेला नाही. परंतु येथे त्यात शिरण्याची गरजच पडली नाही. तेलाचा धूर फुप्फुसांस अपायकारक आहे व ते कंपनीस कळावयास हवे होते, एवढे पुरेसे ठरले. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायालयाने, अपिलाची परवानगी नाकारली ती २०१० मध्ये, त्या उड्डाणानंतर १८ वर्षांनी.