चाचणी निवडण्याआधी

‘टी-टेस्ट लावू की मान-व्हिटनी?’ आकडेवारी हाती आली की संशोधक विद्यार्थी हमखास हे विचारतो. खरे तर हा प्रश्न आकडे गोळा करण्याआधीच सुटायला हवा. या पुस्तकाचा सारा खटाटोप त्यासाठीच आहे.

दोन्ही वाटा कामाच्या गरजेतून रुळल्या. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत विल्यम गॉसेट यांना मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढावे लागत. १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेल्या निबंधातून टी-चाचणी आली. निरीक्षणे प्रसामान्य वितरणातली आहेत, हे तिचे गृहीतक. १९४५ मध्ये फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने मूळ आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांवर चालणाऱ्या सुटसुटीत चाचण्या मांडल्या; मान-व्हिटनी त्याच वाटेवरची. पहिली वाट प्राचलीय, दुसरी अप्राचलीय.

समजा, सहा रुग्ण रुग्णालयात २, ३, ३, ४, ५ आणि ४० दिवस राहिले. सरासरी साडेनऊ, मध्यक साडेतीन. नेहमीचा रुग्ण किती दिवस राहतो, हे सांगायला मध्यक बरा. खाटांचे नियोजन करणाऱ्याला मात्र ते ४० दिवस सोडून चालणार नाही. त्याला सरासरीच हवी. आकडे तेच, पण प्रश्न बदलला की साधन बदलते.

‘नमुना लहान, म्हणून अप्राचलीय’ हा सल्लाही तपासून घ्यावा. दोन गटांत तीन-तीनच निरीक्षणे असतील, तर क्रम लावण्याच्या शक्यता २०. एका गटाचे तिन्ही आकडे दुसऱ्या गटाच्या वर गेले, तरी दुहेरी मान-व्हिटनी चाचणीचे पी-मूल्य ०.१० च्या खाली उतरत नाही. म्हणजे ०.०५ ची पातळी तिला गाठताच येणार नाही. उलट, नमुना मोठा असेल आणि वितरण प्रसामान्य असेल, तर विल्कॉक्सनची कार्यक्षमता टी-चाचणीच्या सुमारे ९५ टक्के भरते; तिथे तोटा नगण्य. आणि अप्राचलीय म्हणजे बिनअटीची नव्हे: निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असण्याची अट दोन्हीकडे सारखीच आहे.

दोन्ही चाचण्या लावून सोयीचे पी-मूल्य उचलणे, ही मात्र निवड नव्हे. म्हणून वाचकांना एकच विनंती: पुढच्या प्रत्येक उदाहरणात आधी चाचणी ठरवा, ती का निवडली ते दोन ओळींत लिहा आणि मगच आकडेमोडीला हात घाला.